रस्त्याने आणलेली बोट

मी अवसरी बुद्रुकचा. अठरा वर्षं टेम्पो चालवला. नारायणगावला टोमॅटो, मंचरला बटाटा, दसऱ्याला झेंडू आणि अधूनमधून घोडेगावच्या पलीकडं डोंगरातल्या वाड्यांना खताच्या गोण्या. एवढ्या वर्षांत रात्रीचं जेवण घराबाहेर फक्त चार वेळा झालं, त्यातलं तीन वेळा सासुरवाडीत. त्यामुळं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर जाणार म्हणालो, तेव्हा सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, आधी वाटलं मी कशावरून तरी रुसलोय.

रुसलो होतोच. टेम्पो कागदावर माझ्या नावाचा होता, पण चालायचा गावाच्या मर्जीनं. कुणी हात केला की थांबायचं. आजारी शेळी, सुनेची ट्रंक, नादुरुस्त फ्रिज, जे असेल ते घ्यायचं. एकदा मंचरहून माल उतरवून निघालो तर मागं अकरा माणसं, एक कूलर आणि दोन करडांसकट एक शेळी चढली. पुढं शेजारच्या वत्सलाकाकू बसल्या, कारण त्यांचं कंबरडं धरलं होतं. काकूंबरोबर त्यांचे एक पाव्हणे होते. त्यांना गुडघेदुखी, मागं चढता येईना. काकूंनी विचार करून मला सांगितलं, "दिलीप, तू असं कर, एसटीनं ये. ह्येंच्याकडं बी लायसन हाय."

मी एसटीत उभा राहून घरी आलो. पाव्हणे माझ्याच ओट्यावर चहा पीत बसले होते. मला बघून म्हणाले, "लई उशीर केला राव!"

दुसऱ्या दिवशी मी खेडला वंदनाताईंकडं गेलो. नवरा गेल्यापासून चार ट्रेलर त्या एकट्या सांभाळतात. त्यांचे ट्रेलर सगळे उघडे. नुसता चाळीस फुटी लोखंडी ओटा आणि खाली चाकं; बाजूला फळी नाही, वर टप नाही. वंदनाताईंनी माझं लायसन पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"टेम्पोतला माल झाकलेला असतो," त्या म्हणाल्या. "इथं सगळं जगासमोर. एक फेरी करून दाखव. मालावर ओरखडा नसेल तर ट्रेलर तुझा. ओरखडा आला तर तुझा टेम्पो आहेच."

बरोबर उस्ताद म्हणून मेहबूबचाचा दिले. चाचा जुन्नरचे, वय एकसष्ट, सगळी हयात ट्रेलरवर गेलेली. त्यांनी मला तीन दिवस एका मोकळ्या मैदानात नुसतं मागं घ्यायला शिकवलं. ट्रेलर मागं डावीकडं न्यायचा तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. पहिल्या दिवशी मी मैदानातलं एकुलतं एक बाभळीचं झाड तीनदा गाठलं. तिसऱ्या दिवशी जमलं, पण संध्याकाळी सुनीताची स्कूटी गोठ्यातून काढताना मी ती थेट शेणखईत घातली.

निघायच्या सकाळी आईनं त्रिसरण म्हणवून घेतलं आणि विचारलं, "कुठं चाललाय म्हनं?"

"केरळला. चाकणहून मशीन न्यायचं आणि येताना बोट आणायची."

"बोट कुठं न्यायची?"

"डिंभ्याला."

आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सुनीताला म्हणाली, "त्याला जरा पडू दे. झोप झाली न्हाई त्याची."

कोचीच्या पुढं

जाताना काही घडलं नाही. मशीन ताडपत्रीखाली होतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. चाचा बोलायचे ते फक्त थांबल्यावर, आणि तेही आधी मालाशी. खाली उतरून साखळीवर हात ठेवायचे आणि मशीनला विचारायचे, "काय, बरं हाय ना?" मला ते आधी विचित्र वाटलं. तिसऱ्या दिवशी मीही विचारायला लागलो.

त्यांनी मला सांगितलं, कुठल्याही मुलखात तीन वाक्यं आली की माणूस अडत नाही. पाणी कुठं हाय, पुढं रस्ता रुंद हाय का, आणि चूक माझी हाय. चाचांना ही तीन वाक्यं सात भाषांत येत. चौथं वाक्य त्यांना मराठी आणि हिंदी सोडून कशातच येत नव्हतं.

केरळात मला सगळं हिरवं आणि ओलं दिसलं. आपल्याकडं एवढं हिरवं दिसलं की माणूस कुणाचं रान आहे ते विचारतो. तिथं विचारायचं कुणाला, सगळंच तसं. भात असा जाड की एकेक शीत मोजून घ्यावं. मी भाकरी मिळेल का म्हणून हातानं थापून दाखवलं, तर हॉटेलवाल्यानं मला हात धुवायचं बेसिन दाखवलं. माशाचं कालवण मात्र असं की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी अजून भात मागितला.

बोट बांधणारा जोसेफ मेस्त्री पन्नाशीचा, कमरेला लुंगी, कानावर पेन्सिल. तुटक्या हिंदीत बोलायचा. बोट त्याच्या वाडीत ओंडक्यांवर उभी होती. पांढरी, बाजूनं निळा पट्टा, वर छप्पर, आत चाळीस माणसांची बाकं आणि बाकांखाली चाळीस नारिंगी जॅकेटं. डिंभे धरणाच्या पाण्याच्या पलीकडं ज्या वाड्या आहेत, त्यांना घोडेगावला यायचं तर धरणाला अख्खा वळसा पडतो. त्यांच्यासाठी ही बोट होती. मी त्या वाड्यांना खत दिलेलं आहे, मला तो वळसा माहीत आहे.

जोसेफनं विचारलं, "तुमच्याकडं समुद्र कुठला?"

"समुद्र नाही. धरण आहे."

"म्हणजे मीठ नाही?"

"नाही."

त्यानं बोटीच्या अंगावरून हात फिरवला आणि अशा नजरेनं तिच्याकडं पाहिलं, जशी माणसं लेक अळणी जेवणाऱ्या घरी दिल्यावर बघतील. मी त्याला धीर द्यायला सांगितलं की आमच्याकडची मासवडी प्रसिद्ध आहे. त्याचा चेहरा उजळला. कुठला मासा, त्यानं विचारलं. मासा नसतो, बेसन असतं, मी म्हणालो. चेहरा पुन्हा पडला.

बोट चढवायला सकाळ गेली. चाचांनी खाली लाकडी ठोकळे बसवले, साखळीखाली जुन्या टायरचे तुकडे घातले आणि पट्टे आवळले. रस्त्यापासून छपरापर्यंत साडेसोळा फूट भरले. चाचांनी सतरा फुटांचा वेळू कापून घेतला आणि त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं. प्रत्येक तारेखालून, फांदीखालून आधी तो वेळू घेऊन मी चालत जायचं, वेळू पार झाला तर मागून बोट येणार.

निघायच्या वेळी जोसेफनं नारळ आणून माझ्या हातात दिला. मी तो चाचांना दिला. चाचांनी परत जोसेफला दिला. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळ फोडून गाडी निघत नाही. चाचा मुसलमान. जोसेफ ख्रिस्ती. त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं की मराठी ड्रायव्हर नारळाशिवाय हलत नाहीत. तिघांनी थोडा वेळ नारळाकडं पाहिलं. मग जोसेफनं तो कोयत्यानं फोडला आणि आम्ही बोटीच्या सावलीत बसून खाल्ला.

नाका

बोट ट्रेलरवर चढली आणि माझ्या आयुष्यातली शांतता संपली. टेम्पोला लोक हात करायचे ते बसायला. बोटीला लोक हात करायचे ते विचारायला. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, सिग्नलला, मोटारसायकलीवरून जाता जाता. "समुद्र कुणीकडं हटला?" असं एकानं गंभीरपणे विचारलं. चाचांनी त्याला सात भाषांतली तीन वाक्यं ऐकवली आणि तो समाधानानं गेला.

घरून दुपारी सुनीताचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "बोट कशी हाय?" मी कसा आहे ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला. तेवढ्यात मागून आवाज यायचे. बोट मोकळीच येत असेल तर नारळाची पोती आण. केळ्याचे वेफर आण. वत्सलाकाकूंनी फणसाचं रोप मागितलं, कुंडीसकट. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, "ताई, मालात माल न्हाई." आणि फोन ठेवला. एवढी हिंमत मला अठरा वर्षांत झाली नव्हती.

चाचांना बोटीतली जॅकेटं आवडली होती. मानेला आधार मिळतो म्हणून त्यांनी एक अंगात चढवलं होतं. तेच घालून ते एका नाक्यावर उतरले. कोणत्या राज्याचा नाका ते सांगत नाही, साहेब माणूस भला होता. त्यानं कागद पाहिले, उंचीचा परवाना पाहिला, मग जॅकेट पाहिलं.

"हे का घातलंय?"

"बोट बरोबर हाय, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबाला ते पटलं. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "मग तुमचं जॅकेट कुठंय?"

मी वर चढून एक काढून आणलं. ते घातल्यावरच त्यानं वही उघडली. वहीत ट्रेलरचा चालक म्हणून चाचांचं नाव होतं. बोटीचा चालक कोण, असा त्याचा पुढचा प्रश्न. बोट चालत नाहीये, मी म्हणालो. तो म्हणाला, ताशी चाळीसनं चालत आली, मी पाहिलंय. शेवटी माझं नाव तिथं लिहिलं. पोहता येतं का, या रकान्यात त्यानं माझ्या तोंडाकडं बघून स्वतःच 'नाही' लिहिलं.

पूर

चित्रदुर्ग मागं टाकल्यावर एका गावाच्या तोंडाशी मागचा टायर फुटला. चारी बाजूंना कापणी झालेली रानं, धुळीचा रंग आभाळापर्यंत गेलेला. टायरवाला येईपर्यंत तीन तास होते. चाचा बोटीच्या सावलीत पडले, मी समोरच्या टपरीवर गेलो. चहा करणारी बाई गडहिंग्लजची लेक निघाली, इकडं दिलेली. नाव गंगव्वा. मराठी ऐकून तिनं मला वेगळा, आल्याचा चहा केला. पण तिचं लक्ष चहात नव्हतं.

"तुमाला सरकारनं पाटिवलं व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"नाही ओ. आम्ही पुण्याकडं चाललोय."

"खरं सांगा. मान्सं भ्यालीत."

तिनं बोट दाखवलं. गावातल्या एका धाब्याच्या घरावर एक म्हातारा आणि त्याची बायको बाज टाकून बसले होते. शेजारी ज्वारीची दोन पोती, खुराड्यासकट कोंबड्या आणि एक पेटी. दुसऱ्या घरावर शिवणाचं मशीन चढत होतं. कुठंतरी वर मोठं धरण फुटलंय, पाणी यायला लागलंय, म्हणून सरकारनं आधी बोट आणून उभी केली, अशी बातमी गावात पोचली होती. आमचा टायर फुटून तास झाला नव्हता.

मी गंगव्वाला घेऊन देवळापाशी गेलो. तिथं एकानं वही काढून यादी लिहायला घेतली होती. बोटीत बाकं चाळीस, हे कुणीतरी चढून मोजून आलं होतं, आणि गावात माणसं सहाशे. आधी बाया, मग म्हातारे. एकाचं म्हणणं, त्याची बैलजोडी दोन माणसांच्या हिशेबानं धरा. या गोंधळात एक उंच माणूस पुढं झाला आणि काहीतरी म्हणाला. यादी लिहिणाऱ्याचं पेन थांबलं.

"काय म्हणाला?" मी गंगव्वाला विचारलं.

"म्हनला, माझ्या जागी माज्या भावाचं नाव लिवा, त्येची पोरं ल्हान हाईत. बांधावरनं वैर हाय ओ त्येंचं. बारा वर्सं तोंड बघत न्हाईत एकमेकाचं."

धाकटा भाऊ गर्दीतच होता. तो पुढं आला, थोरल्याचा हात धरला आणि रडायला लागला. आता अशा वेळी मी कोणत्या तोंडानं सांगावं की पूर नाही, टायर आहे? पण न सांगून भागणार नव्हतं, कारण आता शिवणाच्या मशीनमागून एक कपाट वर निघालं होतं. मी गंगव्वाला सांगितलं, गंगव्वानं गावाला सांगितलं. कुणी विश्वास ठेवीना. तेव्हा चाचा डोळे चोळत आले आणि कानडीत आपली तीन वाक्यं म्हणाले. पाणी कुठं आहे. पुढं रस्ता रुंद आहे का. चूक माझी आहे. पुरातून माणसं वाचवायला आलेला माणूस पाणी कुठं आहे असं विचारणार नाही, हे गावाला पटलं. आधी एक हसला, मग सगळे.

दोन भाऊ मात्र अवघडून उभे राहिले. हात अजून हातात होता. सोडावा की नाही, दोघांनाही कळेना. शेवटी धाकटा काहीतरी पुटपुटला. गंगव्वानं मला सांगितलं, "म्हनतोय, बोल्लो ते बोल्लो. आता परत कोन घेनार?"

छपरावरच्या म्हाताऱ्यानं खाली यायला साफ नकार दिला. एवढं सामान चढवलंय, पूर आल्याशिवाय उतरणार नाही, असं त्याचं म्हणणं. चाचा शिडीनं वर गेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अर्धा तास ते बाजेवर शेजारी बसून रानाकडं बघत राहिले. मग म्हातारा उठला आणि त्यानं कोंबड्यांचं खुराडं चाचांच्या हातात दिलं. आम्ही दोघांनी सगळं खाली उतरवलं. टायरवाला आला तेव्हा मी बाजेचा पुढचा पाय धरून शिडीवर होतो.

घोडेगावच्या अलीकडं

सातव्या दिवशी सकाळी मंचर आलं. बोटीला एक ओरखडा नव्हता. रोज सकाळी मी ओल्या फडक्यानं तिला पुसून पाहत होतो. चाचा म्हणाले, "आता म्होरं तुजा मुलूख. तू चालव." मी छाती काढून स्टेअरिंगवर बसलो. या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला नावानं ओळखतो. कुठली तार लोंबते, कुठली चिंच आडवी आली आहे, सगळं पाठ.

घोडेगावच्या अलीकडं एका वाडीत वळण घेतलं आणि रस्त्यावर आडवा मांडव उभा.

आदल्या दिवशीच घातलेला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, झालरी-बिलरी लावून. मुलीचे वडील फेटा सांभाळत धावत आले. "पावणं, काय बी करा. पन अक्षता पडल्याबिगर दोरी सुटायची न्हाई."

"कितीला आहे?"

"बारा पस्तीसला. पन आमच्याकडं दोन धरा."

डिंभ्याला बोट दोनला हवी होती. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, फीत कापायची होती. दुसरा रस्ता नव्हता. मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात मागून वाजतगाजत नवरदेवाची मिरवणूक आली. नवरदेव घोडीवर. घोडीनं वळणावर मान वर करून बोटीकडं पाहिलं. तिनं आयुष्यात बोट पाहिली नसणार. ती दोन पायांवर उभी राहिली, नवरदेव मागच्या मागं मेव्हण्यांच्या अंगावर पडला आणि घोडी कांद्याच्या रानातून जी गेली ती दिसेनाशी झाली.

नवरदेवाला लागलं नव्हतं. पण त्याची आई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"घोडी घालवली तुमी. आता ह्यो काय चालत जायाचा मांडवात?"

मी म्हणालो, "मावशी, चूक माझी हाय."

"ते कळलं. ह्या बोटीला वर चढायला शिडी हाय का?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली. मालात माल नाही. पण समोर चारशे वऱ्हाडी होते आणि बँडवाल्यांनी विचार न करता वाजवायला सुरुवात केली होती. शेवटी चाचांनी एकच अट घातली, जॅकेट घालायचं. तर असा नवरदेव बोटीत पुढच्या टोकाला, छपराबाहेर उभा राहिला. डोक्याला मुंडावळ्या, अंगात शेरवानी, तिच्यावर नारिंगी जॅकेट, हातात लिंबू खोचलेली कट्यार. बरोबर दोन करवल्या आणि मामा. वेळू घेऊन मी पुढं, चाचा स्टेअरिंगवर, आणि तीनशे फूट अंतर आम्ही अर्ध्या तासात कापलं. मंडळी म्हणाली, अशी वरात तालुक्यात झाली नाही. लग्नही वेळेवर लागलं, कारण नवरदेवाला उंचावर उन्हाचा चटका बसत होता आणि तो सारखा "आवरा" म्हणत होता.

अक्षता पडल्या, दोरी सुटली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पंगतीत लापशी आणि वांग्याची भाजी होती; बायकांनी घरात केलेली मासवडी आमच्यापुरती वेगळी आणून वाढली. पंधरा दिवसांनी तो झणझणीत रस्सा जिभेला लागला तेव्हा मी ट्रेलर, बोट, ओरखडा, सगळं विसरलो.

पाणी पिऊन फडकं घेतलं आणि बोट पुसायला गेलो. निळ्या पट्ट्यावर, नवरदेव जिथून चढला तिथं, वीतभर पांढरी रेघ. खोल. कट्यारीची.

चाचा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. "कुनाला दिसनार न्हाई," ते म्हणाले. "पान्याखाली जातंय ते."

मला मोह झाला. फार झाला. पण बोटीला रोज सकाळी पुसणारा मीच होतो. मी वंदनाताईंना फोन लावला.

"ताई, ओरखडा आला."

"कुठं?"

"घोडेगावच्या अलीकडं."

"बोटीवर कुठं, विचारते."

मी सांगितलं. कशानं, ते विचारलं. तेही सांगितलं. पलीकडं कुणाशीतरी बोलल्याचा आवाज आला.

"नवरदेव कट्यारीसकट चढला?"

"हो."

"चढवला कुणी?"

"मीच."

वंदनाताई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत आलेले तीन ड्रायव्हर मी घालवले. तिघांच्याही मालावर ओरखडा होता आणि तिघांनाही तो माहीत नव्हता. ट्रेलर ठेव. पण नुकसानीचा फॉर्म भरून दे."

केबिनमधल्या कागदांत फॉर्म होता, तो मी मांडवाच्या खुर्चीवर बसून भरला. 'नुकसानीचे कारण' असा एक रकाना होता. अपघात, पाऊस, चोरी, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढं लिहिलं: नवरदेव.

डिंभे

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाहुणे त्याहून मागं होते. काठावर खुर्च्या, कापडी छत, आणि पाण्यालगत दोन बांबूंना बांधलेली लाल फीत. क्रेननं बोट पाण्यात उतरवली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती तरंगत होती, अगदी सहज.

मग सगळे पाहुण्यांची वाट बघत बसले. पाच वाजले. पलीकडच्या वाड्यांतली बाजाराला आलेली माणसं काठावर जमली होती, पिशव्या, डबे, एकाजवळ पत्र्याची खुर्ची. त्यात एक सत्तरीची आजी होती, काखेत कोंबडा. ती थोडा वेळ फितीकडं बघत उभी राहिली. मग वाकून फितीखालून गेली आणि बोटीत जाऊन बसली.

बोटीचा ठेकेदार धावला. "आजी, आजून उद्घाटन न्हाई झालं! पावणं यायचं हायेत!"

"यीऊ दे की. त्येंला कुठं पलीकडं जायाचंय? मला जायाचंय."

तिच्यामागं पत्र्याची खुर्ची गेली, मग पिशव्या, मग बाकीची माणसं. ठेकेदारानं बोट चालवणाऱ्याकडं पाहिलं. त्यानं इंजिन सुरू केलं. मी काठावर उभा होतो. आजीनं मला विचारलं, "तूच आनली ना ही? मंग तिथं काय करतोस?" मला पोहता येत नाही, मी म्हणालो. "मला बी न्हाई," ती म्हणाली आणि सरकून जागा केली. मी जॅकेट घालून बसलो.

पाण्यावर ट्रेलरसारखे हादरे नसतात. साखळी नाही, पट्टा नाही, कुणी कशाला बांधलेलं नाही, तरी सगळं जागच्या जागी. मला सारखं खाली उतरून तपासावंसं वाटत होतं. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा मागं काठावर गाड्यांची धूळ उठली. पाहुणे आले. बारीक बारीक माणसं उभी राहिली, कुणीतरी पुढं झालं, वाकलं, आणि मोकळ्या पाण्यासमोरची लाल फीत खाली पडली. हात हलताना आधी दिसले, टाळ्यांचा आवाज जरा उशिरा पोचला.

आजीनं कोंबडा या काखेतून त्या काखेत घेतला. "काय रं झालं तिकडं?"

"उद्घाटन झालं, आजी."

"कशाचं?"

"बोटीचं."

आजीनं मागं काठाकडं पाहिलं, मग बाकाकडं, मग माझ्याकडं.

"मंग आपुन कशात बसलोय?"